रातांब्याची छाटणी केली तर झाड फळ धरेल का?

परसदार_राजापूर | १४ नोव्हेंबर

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. मुंबईतली नोकरी संपवून आम्ही दोघं सहा वर्षांपूर्वी कायमचे गावी आलो. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं आहेत, त्यांच्याबद्दल विचारायचं आहे.

पहिलं झाड सासूबाईंनी बी टाकून केलेलं. विहिरीच्या मागे, गडग्याला लागून. पंधराएक वर्षांचं असेल. वाढ अगदी संथ. बरोबर लावलेला फणस केव्हाच कौलांच्या वर गेला, हे आत्ता कुठे वीस फुटांवर आलंय. गेली पाच-सहा वर्षं पौषात झाड फुलांनी गच्च भरतं. सकाळी खाली सडा पडलेला असतो, झाडून घमेल्यात भरावा लागतो. पण रातांबा? एकही नाही. आजवर एकदाही नाही.

दुसरं कलम आहे. गावी आल्यावर पहिल्याच पावसात एका रोपवाटिकेतून आणलं, चिठ्ठीवर जातीचं नाव ‘कोकण अमृता’ लिहिलं होतं. त्याचं रूप काही वेगळंच झालंय. खालून एक फांदी आडवी निघून जमिनीलगत चार-पाच फूट पसरली आहे. पानं मातीला टेकतात, येता-जाता पाय अडकतो. दुसरा सोट मात्र सरळ वर गेलाय, दहा फूट, गुळगुळीत, डौलदार. गेल्या वर्षी या झाडाला अकरा रातांबे धरले, सगळे त्या लोळणाऱ्या फांदीवर, पानांखाली लपलेले. सरळ सोटावर काही नाही.

आमच्याकडे बागेचं काम बघणारे तात्या म्हणतात, लोळणारी फांदी काढून टाका, झाडाचा जोर फुकट जातो. सोट राहू दे, त्याचंच झाड होईल. आणि मोठ्या झाडाचा शेंडा मारा, शेंडा मारला की झाड घाबरून धरतं. त्यांनी कोयता पाजळून ठेवलाय, मीच थांबवलंय.

माझा जीव अडकलाय तो आमसुलांत. सासूबाई रातांबे फोडून सालं मिठाच्या रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. सात पुटं. पाचावर कधी थांबल्या नाहीत. मी ते शिकले, दर मे महिन्यात करते, पण फळ विकतचं. त्यांनी स्वतः लावलेल्या झाडाचं एक आमसूल त्यांच्या हातून झालं नाही, हे मला फार लागून राहिलंय.

छाटणी कधी करावी, किती करावी, आणि कुठली फांदी काढावी?

तासगावचा_मळा | १४ नोव्हेंबर

ताई, आमची द्राक्षबाग आहे. आमच्याकडे छाटणीशिवाय घडच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. एका वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून चार ओळी पंधरा दिवस उशिरा छाटल्या, तर त्या ओळींचा सगळा हंगामच मागे गेला. रातांब्याचं झाड मी पाहिलेलं नाही, आमसूल तेवढं आमटीत असतं. पण झाडाला नुसतं वाढू दिलं तर ते पानंच देतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. तिसरा हिस्सा काढा, भरपूर शेणखत द्या, डोळे फुगतील.

कलमं_बांधणारा | १५ नोव्हेंबर

ताई, कोयतो आधी घरात ठेवा. मग वाचा.

मी कुडाळचा. वडिलांबरोबर आंब्याची, काजूची कलमं बांधत लहानाचा मोठा झालो, कोकमाची कलमं गेली बावीस वर्षं बांधतोय. तुमचं दुसरं झाड न बघता सांगतो: तात्या जी फांदी तोडायला निघालेत, तेच तुमचं कलम आहे. आणि ज्याचं कौतुक चाललंय तो सोट म्हणजे खालचा खुंट, ज्याच्यावर कलम बांधतात ते रोप.

अकरा रातांबे कुठे लागले ते तुम्हीच लिहिलंय. झाडानं तुम्हाला सांगून टाकलं होतं.

कोकमाला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. उभी फांदी झाडाची उंची वाढवते, तिला चहूबाजूंनी फांद्या फुटतात. आडवी फांदी आडवीच जाते. कलमाची काडी उभ्या शेंड्याची घेतली तर कलम सरळ वाढतं, आडव्या फांदीची घेतली तर ते लोळतं. एका झाडावर उभे शेंडे मोजके आणि आडव्या फांद्या शेकड्यानं, त्यामुळे बाजारात आडव्या काडीची कलमं बरीच येतात. ती बघायला कुरूप पण धरायला लवकर. लोक त्यांचं लोळणं बघून नेमकी तीच तोडतात आणि खुंट वाढवत बसतात. मी अशी पाच-सात घरं तरी बघितली आहेत.

चिकूला हे लगेच ओळखता येतं. चिकूचं कलम खिरणीवर बांधलेलं असतं, खिरणीचं पान लहान, टोकाशी खाच पडलेलं. खुंट फुटला की लांबून कळतो. कोकमाचा खुंटही कोकमच, पान तेच, रंग तोच. म्हणून पानाकडे बघू नका, बुंध्याकडे बघा. पालापाचोळा बाजूला करा. वीत-दीड वीत उंचीवर एक गाठ दिसेल, बोटानं चाचपली तरी कळेल. गाठीच्या वरून निघतं ते कलम. गाठीच्या खालून निघतं ते सगळं खुंटाचं, ते काढायचं. ही तुमच्या झाडाची खरी छाटणी.

खुंट आत्ताच काढा, पाऊस संपलाय, जखम सुकेल. कोयत्यानं घाव घालू नका, करवत घ्या. दहा फुटांचा सोट वजनानं खाली बसतो आणि जाताना बुंध्याची साल फाडून नेतो, ती फाट थेट गाठीपर्यंत जाऊ शकते. म्हणून आधी दीड फूट वर, खालच्या अंगानं अर्धा काप द्या. मग त्याच्या थोडं वर, वरून कापा. सोट पडला की उरलेला ठोंब बुंध्याजवळ कापा. जिथे फांदी बुंध्याला मिळते तिथे साल जरा फुगलेली असते, ते कडं ठेवा, त्याच्या बाहेरून काप घ्या. जखम त्या कड्यातूनच भरून येते.

कापावर बोर्डो मलम. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, लोखंडाच्या नव्हे. मग एकत्र करा. सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. ब्रशनं लावा. कोकमाला पावसात गुलाबी बुरशी येते, फांद्यांच्या बेचक्यात कोळिष्टकासारखी धरते आणि तिथून पुढची फांदी वाळते. उघडी जखम ठेवायची नाही.

लोळणारी फांदी कापू नका, उचला. बेळक्याच्या दोन काठ्या लावून हातभर वर घ्या. मातीला टेकणाऱ्या बारीक फांद्या आणि वाळकं तेवढं काढा, बाकी एक टोकही मोडू नका. कोकमाचं फूल कोवळ्या फांदीच्या टोकाला आणि पानांच्या बगलेत येतं. आता नोव्हेंबर, फूल येण्याचे दिवस. आत्ता टोकं मारली तर यंदाचं फळच तोडलं म्हणायचं. जी काही छाटायची ती रातांबे उतरल्यावर, पाऊस जोर धरायच्या आत.

तासगावच्या दादांनी मनापासून लिहिलंय, द्राक्षाला ते बरोबरच आहे. द्राक्षाच्या काडीत घड आधीच घडलेला असतो, तुम्ही छाटून त्याला वाट देता. कोकम तसं नाही. ते एका वर्षात जेमतेम वाढतं, तिसरा हिस्सा काढलात तर ते भरून काढण्यातच त्याची वर्षं जातील.

आता सासूबाईंचं झाड. कोकमात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी टाकून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि फूल येईपर्यंत ते कुणालाही सांगता येत नाही. झाड फुलानं भरतं, सडा पडतो, फळ नाही, एवढ्यावरून मला शंका येते. पण मी शंकेवर झाड कापत नाही. फूल आलं की हातात घेऊन बघा. मादी फुलाच्या मध्यात हिरवा मणी दिसतो, त्याच्यावर टोपी बसवल्यासारखी, टोपीला चार ते आठ पाकळ्यांसारखे पडदे. तोच पुढे रातांबा होतो. नर फुलात मणी नसतो, पुंकेसरांचा नुसता पिवळसर गोळा असतो. नर असेल तर शेंडा मारलात, मुळं तोडलीत, मीठ घातलंत, तरी नराची मादी होत नाही.

परसदार_राजापूर | १७ नोव्हेंबर

काल सकाळी तात्या आणि मी मिळून बुंधा मोकळा केला. सहा वर्षांचा पाला, त्याखाली मऊ काळी माती, आणि तिथे गाठ. सोट गाठीच्या चार बोटं खालून निघालेला. लोळणारी फांदी गाठीच्या वरची. तुम्ही म्हणालात तस्संच. तात्या बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले, मग म्हणाले, “वैनी, मी कलमच तोडणार होतो की.”

आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगाला येईल. गाठीभोवती कलम बांधतानाची प्लॅस्टिकची पट्टी अजून होती. साल तिच्यावर दोन्ही बाजूंनी चढून आली होती, पट्टी आत रुतून नुसती पांढरी रेघ दिसत होती. सहा वर्षं त्या कलमाचा गळा आवळलेला. ती काढायची असते हे रोपवाटिकेत सांगितलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं. खाली खुंट मोकळा होता, वर जोर जात नव्हता, मग तो सोट फुटणारच.

सोट करवतीनं काढला, तुम्ही सांगितलेल्या तीन कापांनी. पिवळसर चीक आला, बोटांना चिकटला. मलम लावलं. पट्टी मात्र अजून तशीच आहे, ती ओढली तर साल निघेल अशी भीती वाटते.

कलमं_बांधणारा | १७ नोव्हेंबर

ओढू नका. नवं ब्लेड घ्या, पट्टीवर उभा चिरा द्या, एका बाजूनं एक आणि समोरून एक. आडवा काप अजिबात नको. पट्टी तुटली की ताण गेला. जे तुकडे सहज सुटतील ते काढा, जे सालीत गेलेत ते राहू द्या, झाड ते पोटात घेईल. चिऱ्यांवर मलमाचं बोट फिरवा. आणि उचललेल्या फांदीला काठी लावाल तिथे गोणपाट घाला, दोरी घट्ट बांधू नका. एक गळफास काढून दुसरा नको.

फणसाची सावली त्याच्यावर येते का? कोकम सावलीत जगतं, पण भरपूर धरायला त्याला ऊन लागतं. फणसाच्या खालच्या दोन फांद्या उतरवता आल्या तर बघा.

पेडण्याचो | १९ नोव्हेंबर

आमच्याकडे गोव्यात ह्या झाडाला भिरंड म्हणतात आणि वाळवलेल्या सालीला सोलां. नर-मादीचं कुडाळच्या दादांनी अगदी खरं सांगितलं. त्यात एक भर घालतो. माझ्या काकांनी बांधावरचे तीन भिरंडीचे नर ‘वांझ’ म्हणून तोडले, जळणाला गेले. पुढच्या वर्षी आमच्या धरणाऱ्या झाडांनाही फळ विरळ लागलं. काका आजही ते बोलून दाखवतात. दहा माद्यांना एक नर तरी जवळपास हवा. आणि काही झाडांवर दोन्ही तऱ्हेची फुलं मिळतात, म्हणून एक-दोन फुलं बघून निकाल लावू नका, चारही बाजूंची पंचवीस-तीस फुलं बघा.

परसदार_राजापूर | ९ जानेवारी

फुलं आली. पेडण्याच्या भाऊंनी सांगितलं तसं चारही बाजूंनी फुलं काढली, वरची तात्यांनी आकडीनं ओढून दिली. ओटीवर वर्तमानपत्र पसरून एकेक उघडून बघितलं. एक्केचाळीस फुलं. मांसल, फिकट गुलाबी-पिवळसर पाकळ्या, चार-चार. मध्यात पिवळा गोळा. एकातही मणी नाही. मग कलमाचं एक फूल आणून शेजारी ठेवलं, आणि त्यातला तो हिरवा मणी, टोपीसकट, इतका स्पष्ट दिसला की शंका घ्यायला जागाच उरली नाही.

झाड नर आहे.

वाईट वाटलं. सासूबाईंना बायका म्हणायच्या, तुमच्या हातचं झाड वांझ निघालं. त्या काही बोलायच्या नाहीत, पण शेवटी शेवटी विहिरीकडे जाताना त्या झाडाकडे बघायच्या नाहीत, हे मी पाहिलंय. ते वांझ नव्हतंच. आजूबाजूच्या सगळ्या झाडांना ते फुलायला लागल्यापासून पराग पुरवत होतं. हे त्यांना कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

मला हे झाड तोडायचं नाही. पण त्याच्यावर फळही बघायचंय. काही करता येईल का?

कलमं_बांधणारा | १० जानेवारी

येईल. झाड तोडायचं नाही, त्याच्यावर मादी बांधायची.

मे अखेरीस, पावसाच्या आधी, मुख्य खोड जमिनीपासून पाच फुटांवर कापा. खालच्या दोन फांद्या तशाच ठेवा, त्यांना हात लावू नका. त्या झाडाला जगवतील, आणि तुमच्या परसातला नरही शाबूत राहील. काप तिरका घ्या म्हणजे पाणी थांबणार नाही, त्यावर मलम.

पावसात खोडावर फुटवे येतील, पुष्कळ. गणपतीपर्यंत वाट बघा. मग चहूबाजूंनी अंतर ठेवून आठ-दहा जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे काढा. ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की, त्या कोवळ्या फुटव्यांवर मृदुकाष्ठ कलम बांधायचं.

काडी कुणाची घ्यायची हे आत्तापासून ठरवा. मे महिन्यात वाडीत फिरून झाडं बघा. नुसतं मोठं फळ बघू नका, साल जाड आहे का बघा, आमसूल सालीचं होतं. आणि फळ लवकर पिकतं का बघा. १९९७ साली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं कोकण अमृता दिली, तिचा मोठा गुण हाच की तोडणी पावसाआधी उरकते. उशिरा पिकणारा रातांबा मृगाच्या पावसात सापडतो, मग सालं वाळवणार कुठे? तुमच्याकडे अमृता आहेच, तिची काडी घ्या. ती आडवी वाढेल, पण पाच फुटांवरून आडवी वाढली तर खाली लोंबेल, काढणीला सोपं.

बांधायच्या आठ-दहा दिवस आधी काडीची पानं झाडावरच कापा, देठ राहू द्या. डोळे फुगतात. मग चार-पाच इंचांची काडी, खाली दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासलेली. फुटव्याचं टोक कापून मधोमध चीर, त्यात काडी, निदान एका बाजूला सालीला साल भिडली पाहिजे. पट्टी घट्ट. वरून पेप्सीकोल्याची लांब पिशवी टोपीसारखी घालून खाली बांधायची, आतला ओलावा टिकतो. जमलं नाही तर जवळचा कलम बांधणारा बोलवा. हे वाचून शिकण्याचं काम नाही, हातात बसावं लागतं.

परसदार_राजापूर | २ जून

आधी कलमाचं सांगते. उचललेल्या फांदीला यंदा चौसष्ट रातांबे आले. गेल्या वर्षी अकरा. मी एकेक मोजून उतरवला, शेवटचा २३ मेला. सालं वाळली, सातवं पूट परवा झालं. बरणी लहानच भरली, पण घरच्या फळाची पहिली आहे, देवापाशी ठेवली.

मोठं झाड ३० तारखेला पाच फुटांवर कापलं. दोन फांद्या ठेवल्या. तात्यांनी करवत धरायच्या आधी झाडाला हात लावून नमस्कार केला. मी घरात निघून गेले होते, काप पडल्याचा आवाज ऐकू आला.

तासगावचा_मळा | ३ जून

ताई, तेव्हापासून वाचतोय. माझा सल्ला तुम्ही ऐकला नाहीत हे फार बरं झालं. फुटव्यांचं कळवत राहा.

परसदार_राजापूर | ११ नोव्हेंबर

फुटवे तीसेक आले होते, नऊ ठेवले. कोवळी पानं तांबडी, लांबून फूल आल्यासारखी दिसायची. १६ ऑक्टोबरला शेजारच्या गावातले एक कलमवाले आले आणि नऊ काड्या बांधून गेले, सहा अमृताच्या, तीन वरच्या वाडीतल्या जाड सालीच्या झाडाच्या. चार काळ्या पडल्या. पाच हिरव्या आहेत. वरच्या वाडीतल्या तीनपैकी एकच जगली. पाचांपैकी दोघींना पिशवीच्या आत कोंब आलाय, तांबडा, गव्हाएवढा, पिशवीला आतून दव धरलेलं. टोपी कधी काढू?

कलमं_बांधणारा | ११ नोव्हेंबर

पाच म्हणजे छान झालं. कोंबाला पान सुटलं आणि ते पिशवीला टेकायला लागलं की काढा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. सगळ्या एका दिवशी नकोत, जिची वेळ होईल तिची. काड्यांच्या खाली फुटव्यावर जे नवे कोंब येतील ते नखानं खुडत राहा, दर आठवड्याला, नाहीतर नर पुन्हा वर येईल. पट्टी आत्ता नाही. ती सहा महिन्यांनी.

परसदार_राजापूर | २९ नोव्हेंबर

पाचही टोप्या निघाल्या. शेवटची काल. पट्टीसाठी कालनिर्णयात एप्रिलच्या पानावर खूण करून ठेवली आहे.